फिट्झरॉय फुटबॉल क्लब : मैदान, संघ आणि संस्था

मेलबर्न शहराच्या मध्यवर्ती भागाला ईशान्येकडून लागून असलेले फिट्झरॉय हे त्या शहराचे सर्वांत जुने उपनगर मानले जाते. १८५१ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडल्यानंतर मेलबर्नची लोकसंख्या झपाट्याने वाढली, शहराच्या सीमेलगतच्या जमिनींवर दाटीवाटीने घरे उभी राहिली आणि १८५८ मध्ये फिट्झरॉयला स्वतःची नगरपालिका मिळाली. क्षेत्रफळाने अगदी लहान असलेल्या या वस्तीत पुढे बुटांचे, फर्निचरचे, मिठाईचे कारखाने निघाले. मॅकरॉबर्टसन यांचा प्रसिद्ध चॉकलेट कारखाना येथेच वाढला. त्यामुळे फिट्झरॉयची ओळख कामगारांचे उपनगर अशी झाली आणि ती शंभर वर्षे टिकली. या उपनगरात १८८३ साली जन्मलेल्या फुटबॉल क्लबचा इतिहास म्हणजे केवळ जिंकलेल्या आणि हरलेल्या सामन्यांची जंत्री नव्हे. मैदान, संघ आणि संस्था या तीन गोष्टी एकच आहेत असे क्रीडाप्रेमी सहसा गृहीत धरतात. फिट्झरॉयच्या बाबतीत मात्र त्या एकेक करून परस्परांपासून सुटल्या आणि पुढे पुन्हा जुळल्या. म्हणूनच क्लब कशाला म्हणावे, याचा विचार करण्यासाठी या संस्थेइतके बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या क्रीडाइतिहासात दुसरे आढळत नाही.

हा क्लब जो खेळ खेळतो तो जगभर फुटबॉल म्हणून परिचित असलेला खेळ नव्हे, तर ऑस्ट्रेलियात जन्मलेला आणि आज ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ या नावाने ओळखला जाणारा स्वतंत्र खेळ होय. हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी शरीर राखावे यासाठी फुटबॉलचा क्लब काढावा, असे टॉम विल्स या नामवंत क्रिकेटपटूने जुलै १८५८ मध्ये मेलबर्नच्या एका क्रीडासाप्ताहिकाला पत्र लिहून सुचवले आणि पुढच्याच वर्षी, १७ मे १८५९ रोजी, मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. क्रिकेटच्या मैदानांवरच खेळ होऊ लागल्याने त्याचे मैदान लंबगोल राहिले. प्रत्येक बाजूचे अठरा खेळाडू लंबगोल चेंडू लाथेने उडवत किंवा मुठीने ठोसत पुढे नेतात. लाथाडलेला चेंडू ठरावीक अंतर कापून आल्यावर कोणी हवेतच स्वच्छ झेलला तर त्याला ‘मार्क’ म्हणतात आणि झेलणाऱ्याला कोणाच्याही अडथळ्याविना चेंडू मारण्याची मुभा मिळते. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब रोवलेले असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने पार केला की गोल, म्हणजे सहा गुण. मधला व कडेचा खांब यांच्यामधून गेला की ‘बिहाइंड’, म्हणजे एक गुण. त्यामुळे गुणफलकावर प्रत्येक संघापुढे गोल, बिहाइंड आणि एकूण गुण असे तीन आकडे लिहिले जातात.

फिट्झरॉय क्लबची स्थापना २६ सप्टेंबर १८८३ रोजी उपनगरातील ब्रन्सविक हॉटेलमध्ये भरलेल्या सभेत झाली आणि पुढच्या वर्षी त्याला व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन या तत्कालीन सर्वोच्च संघटनेत प्रवेश मिळाला. गडद तांबडा आणि निळा हे रंग ठरले. तांबड्या रंगावरूनच संघाला दीर्घकाळ ‘मरून्स’ म्हटले गेले. उपनगराच्या उत्तरेस असलेल्या एडिनबरो गार्डन्स या सार्वजनिक उद्यानातील ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हल हे क्लबचे मैदान झाले आणि १८८८ मध्ये तेथे लाकडी, नक्षीदार प्रेक्षक-सज्जा उभारला गेला, जो वारसावास्तू म्हणून आजही जपलेला आहे. मैदानाची मालकी मात्र कधीच क्लबकडे नव्हती. उद्यान सार्वजनिक, त्याचा कारभार नगरपालिकेकडे, उन्हाळ्यात तेथे क्रिकेट क्लबचा हक्क आणि हिवाळ्यात फुटबॉलचा, अशी ती व्यवस्था होती. मेलबर्नच्या बहुतेक उपनगरी क्लबांची व्यवस्था अशीच होती आणि संघ जिंकत असेपर्यंत तिच्यातील कच्चेपणा कोणाला जाणवला नाही.

१८९५ मध्ये असोसिएशनचे अजिंक्यपद जिंकून फिट्झरॉयने बलाढ्य क्लबांत स्थान मिळवले आणि त्याचा परिणाम वर्षभरातच दिसला. सामन्यांच्या प्रवेशशुल्कातून मोठी रक्कम मिळवणाऱ्या क्लबांना कमी प्रेक्षक खेचणाऱ्या क्लबांबरोबर उत्पन्न वाटून घेणे जड वाटू लागले होते. १८९६ च्या अखेरीस अशा बड्या क्लबांनी असोसिएशनमधून बाहेर पडून व्हिक्टोरियन फुटबॉल लीग स्थापन केली. १८९७ च्या पहिल्या हंगामात कार्लटन, कॉलिंगवूड, एसेंडन, फिट्झरॉय, जिलाँग, मेलबर्न, सेंट किल्डा आणि साऊथ मेलबर्न हे आठ क्लब खेळले. रिचमंड, फुट्सक्रे, नॉर्थ मेलबर्न, पोर्ट मेलबर्न आणि विल्यम्सटाउन हे मागे राहिले. बिहाइंडला एक आणि गोलला सहा गुण देण्याची पद्धतही लीगने याच हंगामात आणली. या घटनेकडे फिट्झरॉयच्या इतिहासकाराने विशेष लक्ष द्यायला हवे, कारण क्लबांची पात्रता त्यांच्या उत्पन्नावरून ठरवण्याचे तत्त्व येथे प्रथम मान्य झाले आणि ते मान्य करणाऱ्यांत फिट्झरॉय अग्रभागी होता. ज्या निकषाने १८९६ मध्ये त्याला आत घेतले, त्याच निकषाने नेमक्या शंभर वर्षांनी त्याच्या संघाला बाहेर काढले.

पहिली पंचवीस-तीस वर्षे मात्र वैभवाची होती. १८९८ मध्ये लीगचा पहिला ‘ग्रँड फायनल’, म्हणजे अजिंक्यपद ठरवणारा अंतिम सामना, फिट्झरॉयने एसेंडनला हरवून जिंकला. १८९९ मध्ये साऊथ मेलबर्नला केवळ एका गुणाने मागे टाकून ते पद राखले. त्यानंतर १९०४, १९०५ आणि १९१३ मध्येही अजिंक्यपद त्याच्याकडे आले. १८९८ ते १९१३ या काळात ब्रन्सविक स्ट्रीटवर जो खेळाडूंचा संच घडला त्याची चर्चा करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे हे खेळाडू बहुतांशी आसपासच्याच गल्ल्यांत राहणारे, कारखान्यात किंवा दुकानात काम करणारे होते, शनिवारी अर्धा दिवस काम आटोपून मैदानावर येत आणि सोमवारी पुन्हा आपल्या प्रेक्षकांच्या शेजारी कामाला उभे राहत. खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यातील हे सान्निध्य हेच उपनगरी क्लबाचे खरे भांडवल होते. १९१५ मध्ये लीगने विभागपद्धती लागू केली आणि खेळाडूने आपण राहतो त्या विभागाच्या क्लबकडूनच खेळले पाहिजे असा दंडक घातला, तेव्हा प्रथेने चालत आलेल्या या नात्याला नियमाचे रूप मिळाले.

पहिल्या महायुद्धाच्या काळातील १९१६ चा हंगाम या क्लबच्या इतिहासात एक विलक्षण नोंद करून गेला. सैन्यभरतीमुळे आणि युद्ध चालू असताना खेळावा की नाही या वादामुळे बहुतेक क्लबांनी माघार घेतली आणि कार्लटन, कॉलिंगवूड, रिचमंड आणि फिट्झरॉय असे चारच संघ उरले. साखळीच्या बारा सामन्यांत फिट्झरॉयला दोन विजय आणि एक बरोबरी एवढेच साधले, त्यामुळे तो गुणतक्त्यात तळाला गेला. परंतु संघच चार असल्याने चारही संघ अंतिम टप्प्यासाठी पात्र होते. तेथे फिट्झरॉयने प्रथम कॉलिंगवूडला आणि मग कार्लटनला हरवले. साखळीत अव्वल ठरलेल्या संघाला हरल्यावर पुन्हा आव्हान देण्याचा हक्क त्या काळच्या नियमांनी दिलेला होता, तो कार्लटनने वापरला आणि फिट्झरॉयने त्याला दुसऱ्यांदा हरवले. एकाच वर्षी तळाचे स्थान आणि अजिंक्यपद, दोन्ही मिळवणारा लीगच्या इतिहासातील हा एकमेव संघ होय. १९२२ मध्ये सातवे अजिंक्यपद आले आणि वैभवाचा काळ तेथे संपला.

१९३० च्या दशकात फिट्झरॉयला अजिंक्यपद मिळाले नाही, तरी खेळाडूंच्या गुणवत्तेचा विचार केला तर तो दशकभर लीगमधला सर्वांत प्रेक्षणीय संघ होता. ब्राउनलो पदक हे हंगामातील सर्वोत्तम आणि स्वच्छ खेळासाठी पंचांच्या मतांनी दिले जाणारे लीगचे सर्वोच्च वैयक्तिक पदक आहे. ते हेडन बन्टनने १९३१, १९३२ आणि १९३५ असे तीनदा, विल्फ्रेड स्मॉलहॉर्नने १९३३ मध्ये आणि डिनी रायनने १९३६ मध्ये मिळवले. म्हणजे सहा हंगामांत पाच पदके एकाच क्लबकडे आली. बन्टन न्यू साउथ वेल्समधील ऑलबरीचा. त्याला आपल्याकडे ओढण्यासाठी क्लबांत स्पर्धा लागली, आणि खेळाडूंच्या मोबदल्यावर १९३० मध्येच मर्यादा घातली गेली असताना त्याला नियमबाह्य पैसे दिल्याचे निष्पन्न झाल्याने त्या वर्षी त्याला खेळण्याची परवानगी नाकारण्यात आली. एक हंगाम बाहेर बसून तो मैदानात उतरला आणि पहिल्या दोन्ही हंगामांत पदक घेऊन गेला. महामंदीने फिट्झरॉयमधील अनेक घरे बेकारीने ग्रासलेली असताना शनिवारच्या दुपारी बन्टनचा खेळ पाहणे हा त्या वस्तीचा मोठा विसावा होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. उंचीने आणि अंगाने किरकोळ असलेला स्मॉलहॉर्न दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या हाती सापडला, सिंगापूरच्या चांगी छावणीत युद्धकैदी म्हणून राहिला, आणि परतल्यावर फुटबॉलचा समालोचक म्हणून घरोघरी परिचित झाला.

या पिढीतील ज्या खेळाडूचे नाव मैदानाबाहेरच्या इतिहासातही आदराने घ्यावे लागते, तो म्हणजे डग निकल्स. १९०६ मध्ये न्यू साउथ वेल्समधील कमरागुंजा या आदिवासी वसाहतीत जन्मलेला, योर्टा योर्टा समाजातला हा खेळाडू उंचीने जेमतेम १५७ सेंटिमीटर, पण वेगाने आणि उडीने असामान्य होता. फिट्झरॉयकडे येण्यापूर्वी त्याने कार्लटनमध्ये नशीब आजमावले होते. तेथे त्याच्या वर्णामुळे त्याला सहकाऱ्यांची आणि मालिश करणाऱ्यांची तुच्छता सोसावी लागली आणि तो असोसिएशनमधील नॉर्थकोट क्लबकडे गेला. १९३२ मध्ये तो फिट्झरॉयमध्ये दाखल झाला, तेव्हा कपडे बदलण्याच्या खोलीत एका कोपऱ्यात एकट्या बसलेल्या निकल्सशेजारी बन्टन स्वतः जाऊन बसला आणि त्या दिवसापासून संघात त्याचे स्थान निश्चित झाले, ही हकिगत क्लबच्या परंपरेत जपली गेली आहे. फिट्झरॉयकडून त्याने ५४ सामने खेळले आणि १९३५ मध्ये व्हिक्टोरियाच्या निवड संघातही स्थान मिळवले. पुढे त्याने धर्मोपदेशक म्हणून याच उपनगरात आदिवासींसाठी चर्च चालवले, नागरी हक्कांच्या चळवळीचे नेतृत्व केले, १९७२ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळवली आणि १९७६ मध्ये तो दक्षिण ऑस्ट्रेलियाचा राज्यपाल झाला. या दोन्ही सन्मानांचा तो पहिला आदिवासी मानकरी होता. आज राष्ट्रीय लीगमध्ये आदिवासी खेळाडूंच्या गौरवार्थ जी फेरी खेळली जाते, तिला सर डग निकल्स यांचेच नाव आहे. क्लबने एका माणसाला जागा दिली एवढ्यावरून क्लब सर्व पूर्वग्रहांपासून मुक्त होता असे म्हणता येणार नाही. तरीही त्या काळच्या क्रीडाजगतात ही जागा देणारे क्लब फार थोडे होते आणि त्यांत फिट्झरॉय होता, ही नोंद त्याच्या आठ अजिंक्यपदांइतकीच मोलाची आहे.

आठवे आणि अखेरचे अजिंक्यपद १९४४ मध्ये आले. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड लष्कराच्या ताब्यात असल्याने अंतिम सामना सेंट किल्डाच्या जंक्शन ओव्हलवर झाला आणि फ्रेड ह्यूसन हा एकाच वेळी कर्णधार आणि प्रशिक्षक असलेल्या संघाने रिचमंडवर मात केली. १९५० मध्ये ॲलन रुथवेनने ब्राउनलो पदक मिळवले. पण युद्धोत्तर काळात उपनगरच बदलू लागले होते आणि तो बदल क्लबच्या मुळावर येणारा होता. कमाई वाढलेली कामगार कुटुंबे अंगण-परसाच्या घरांसाठी दूरच्या नव्या उपनगरांत निघून गेली. त्यांच्या जागी इटली, ग्रीस आणि युरोपातील अन्य देशांतून आलेली कुटुंबे राहू लागली, ज्यांच्या मुलांना गोल चेंडूचा फुटबॉल जवळचा होता. जुन्या चाळवजा घरांच्या रांगा पाडून सरकारने तेथे गृहनिर्माण योजनेचे उंच मनोरे उभे केले. निष्ठावंत पाठीराखे संख्येने कमी नव्हते, पण ते आता विखुरलेले होते. मैदानावरही त्याचे प्रतिबिंब पडले. १९६३ मध्ये फिट्झरॉयला एकच सामना जिंकता आला, तोही त्या वर्षी पुढे अजिंक्य ठरलेल्या जिलाँगविरुद्ध; १९६४ मध्ये एकही नाही. या पडत्या काळात संघाला धरून ठेवणारा खेळाडू केव्हिन मरे होता. १९५५ ते १९७४ या दोन दशकांत, मधली दोन वर्षे पर्थमध्ये घालवून, तो फिट्झरॉयकडून ३३३ सामने खेळला आणि १९६९ मध्ये त्याला ब्राउनलो पदक मिळाले. विजयी संघात राहून मोठे होणाऱ्या खेळाडूंची यादी लांब असते. पराभूत संघात वर्षानुवर्षे राहून सर्वोत्तम ठरलेल्यांत मरेचे स्थान पहिले आहे.

मैदान आणि क्लब यांची ताटातूट १९६६ च्या हंगामाअखेर झाली. ब्रन्सविक स्ट्रीटवरील सोयी जुनाट झाल्या होत्या, त्या सुधारण्याचा खर्च कोणी करायचा आणि भाडेपट्टा कोणत्या अटींवर असावा यावर एकमत होईना, आणि ८३ वर्षांनंतर क्लबने आपले मैदान सोडले. त्यानंतरची तीस वर्षे हा संघ बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडला : १९६७ पासून कार्लटनच्या प्रिन्सेस पार्कवर, १९७० पासून जंक्शन ओव्हलवर, १९८५ मध्ये कॉलिंगवूडच्या व्हिक्टोरिया पार्कवर, १९८७ मध्ये पुन्हा प्रिन्सेस पार्कवर आणि १९९४ पासून फुट्सक्रेच्या वेस्टर्न ओव्हलवर. प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर भाडेकरू म्हणून खेळणाऱ्या क्लबला तिकिटांचे, खानपानाचे आणि जाहिरातींचे उत्पन्न पूर्णपणे कधीच मिळत नाही. क्लबच्या पुढील आर्थिक विपत्तीची कारणे १९९० च्या दशकात शोधणारे अभ्यासक थोडे उशिरा सुरुवात करतात. ती कारणे १९६६ मध्ये सापडतात.

आश्चर्य असे की याच फिरस्तीच्या काळात संघाने पुन्हा उत्तम खेळ केला. संघाचे टोपणनाव १९५७ पासून ‘लायन्स’ झाले होते आणि १९७४ पासून जर्सीवर लाल, निळा आणि सोनेरी हे रंग आले. २८ जुलै १९७९ रोजी वेव्हर्ली येथे फिट्झरॉयने मेलबर्नविरुद्ध ३६ गोल, २२ बिहाइंड अशा २३८ गुणांची नोंद केली आणि मेलबर्नला ६ गोल, १२ बिहाइंड म्हणजे ४८ गुणांवर रोखले. १९० गुणांचा हा फरक लीगच्या इतिहासातील सर्वांत मोठा विजय म्हणून आजही अबाधित आहे. लांबलचक लाथेसाठी प्रसिद्ध असलेल्या बर्नी क्विन्लनने १९८१ मध्ये साऊथ मेलबर्नच्या बॅरी राउंडसह ब्राउनलो पदक विभागून मिळवले, १९८३ मध्ये ११६ आणि १९८४ मध्ये १०५ गोल केले. १९७९ ते १९८६ या आठ वर्षांत संघ पाचदा अंतिम टप्प्यात पोहोचला. १९८६ मध्ये एसेंडनला एका गुणाने आणि सिडनीला पाच गुणांनी हरवून तो ग्रँड फायनलच्या उंबरठ्यापर्यंत गेला आणि तेथे हॉथॉर्नकडून पराभूत झाला. त्यानंतर अंतिम टप्पा त्याला पुन्हा दिसला नाही.

कारण तोवर लीगचेच रूप पालटत होते. १९८२ मध्ये साऊथ मेलबर्नचा संघ सिडनीला हलवला गेला. १९८७ मध्ये पर्थचा एक आणि ब्रिस्बेनच्या नावाने खेळणारा ‘ब्रिस्बेन बेअर्स’ असे दोन नवे संघ सामील झाले. १९९० मध्ये लीगने ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ हे नाव घेतले. खेळ राष्ट्रव्यापी करायचा तर एकट्या मेलबर्नमध्ये इतके संघ परवडणार नाहीत, असा सूर नियामक मंडळात प्रबळ झाला आणि दूरचित्रवाणीचे हक्क, प्रायोजक व सभासदसंख्या यांच्या तराजूत प्रत्येक क्लब तोलला जाऊ लागला. फिट्झरॉयचे पारडे हलके होते. १९८९ मध्ये फुट्सक्रेशी त्याचे विलीनीकरण जाहीर झाले, पण फुट्सक्रेच्या पाठीराख्यांनी दारोदार निधी गोळा करून ते मोडून काढले. १९९१ आणि १९९२ मध्ये काही सामने टास्मानियातील हॉबार्ट येथे खेळवून उत्पन्न वाढवण्याचा प्रयत्न झाला, तोही पुरला नाही. प्रशांत महासागरातील नाउरू या छोट्या बेटराष्ट्राच्या विमा महामंडळाकडून घेतलेले सुमारे साडेबारा लाख डॉलरचे कर्ज शेवटी निर्णायक ठरले. २८ जून १९९६ रोजी या धनकोच्या मागणीवरून क्लबवर प्रशासक नेमला गेला, म्हणजे संस्थेचा कारभार निवडून आलेल्या संचालकांकडून काढून कर्जवसुलीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेला.

संचालकांनी तोवर नॉर्थ मेलबर्नशी विलीन होण्याची बोलणी बरीच पुढे नेली होती. त्यात निदान संघ मेलबर्नमध्ये राहिला असता. परंतु दोन संघांतील उत्तम खेळाडू एकत्र आल्यास तो संघ फार प्रबळ होईल अशी धास्ती इतर क्लबांना वाटली, आणि ४ जुलै १९९६ रोजी ब्रिस्बेन बेअर्सबरोबरच्या विलीनीकरणावर शिक्कामोर्तब झाले. हंगाम मात्र पुरा करायचा होता. वर्षभरात एकच सामना जिंकलेल्या या संघाचा मेलबर्नमधील शेवटचा सामना २५ ऑगस्टला रिचमंडविरुद्ध झाला. संघ १५१ गुणांनी हरला, तरी ४८,००० हून अधिक प्रेक्षक निरोप द्यायला आले होते. १ सप्टेंबर १९९६ रोजी पर्थमध्ये फ्रीमँटलविरुद्धचा पराभव हा लीगमधील अखेरचा सामना. ज्या वर्षी लीग आपल्या शंभराव्या हंगामाचा सोहळा साजरा करत होती, त्याच वर्षी तिच्या आठ संस्थापकांपैकी एकाचा संघ संपवला गेला, आणि तो निर्णय संघाच्या सभासदांना न विचारता झाला. आर्थिक अपरिहार्यतेचा युक्तिवाद मान्य केला, तरी पद्धतीचा हा दोष दुरुस्त होण्यासारखा नव्हता.

यानंतरच्या घटना सामान्यतः सांगितल्या जात नाहीत, आणि त्या न सांगितल्यानेच फिट्झरॉयविषयी एक चुकीची समजूत रूढ झाली आहे. ब्रिस्बेनकडे गेले ते लीगमध्ये खेळण्याचा हक्क, आठ खेळाडू, सिंहाचे चिन्ह, रंग आणि ‘ला मार्सेयेज’ या फ्रेंच राष्ट्रगीताच्या चालीवरचे क्लबगीत. नवा संघ ‘ब्रिस्बेन लायन्स’ नावाने खेळू लागला आणि २००१, २००२, २००३ अशी सलग तीन अजिंक्यपदे त्याने मिळवली. त्या विजयांनी अनेक जुन्या पाठीराख्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. अनेकांनी मात्र त्या संघाकडे कायमची पाठ फिरवली, आणि या दोहोंपैकी कोणालाही चूक ठरवता येणार नाही. परंतु फिट्झरॉय फुटबॉल क्लब ही नोंदणीकृत संस्था ब्रिस्बेनमध्ये विसर्जित झालीच नव्हती. देणी भागल्यावर १९९८ मध्ये प्रशासकाचा कारभार संपला आणि संस्था पुन्हा आपल्या भागधारकांच्या हाती आली, फक्त तिच्याकडे संघ नव्हता. १९९९ आणि २००० मध्ये तिने कोबर्ग क्लबशी सहकार्य केले. ब्रिस्बेनने आपल्या जर्सीवरील फिट्झरॉयचा सिंह बदलला, तेव्हा विलीनीकरणाच्या करारात ते चिन्ह कायम राखण्याचे वचन असल्याचे दाखवत याच संस्थेने न्यायालयात धाव घेतली, तडजोड झाली आणि पुढे जुना सिंह जर्सीवर परतला. जी संस्था करार पाळण्याची मागणी घेऊन न्यायालयात उभी राहू शकते, तिला मृत म्हणता येत नाही.

मैदानाकडे परतण्याचा मार्ग एका हौशी संघामुळे खुला झाला. मेलबर्न विद्यापीठाच्या परंपरेतून आलेला आणि १९९० च्या दशकापासून ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हलवर खेळणारा ‘फिट्झरॉय रेड्स’ हा संघ व्हिक्टोरियन अमॅच्युअर फुटबॉल असोसिएशनमध्ये, म्हणजे खेळाडूंना मोबदला न देणाऱ्या संघटनेत, खेळत होता. २००८ च्या अखेरीस हा संघ आणि फिट्झरॉय क्लब एकत्र आले आणि २००९ च्या हंगामापासून ‘फिट्झरॉय’ या मूळ नावाने, जुन्या रंगांत आणि जुन्या मैदानावर पुन्हा सामने सुरू झाले. १९६६ मध्ये तुटलेला मैदानाचा आणि १९९६ मध्ये तुटलेला संघाचा, असे दोन्ही धागे यामुळे सांधले गेले, जरी आता लाखो प्रेक्षकांची राष्ट्रीय लीग नव्हे तर खालच्या गटातील हौशी स्पर्धा हे त्याचे क्षेत्र होते. क्लबचे महिला संघही आज मैदानात उतरतात. खेळाडू पैसे घेत नाहीत, उलट वर्गणी भरतात. सामन्याच्या दिवशीची बरीच कामे सभासद स्वतः करतात. आणि १८८८ च्या सज्ज्यात बसून खेळ पाहणाऱ्यांमध्ये मरे आणि क्विन्लन यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे अजून असतात. ज्या स्थितीत क्लब १८८३ मध्ये सुरू झाला होता, तिच्याशी ही स्थिती १९८६ च्या झगमगाटापेक्षा अधिक मिळतीजुळती आहे.

अनेक लेखांत आणि सूचींत या क्लबच्या नावापुढे ‘१८८३–१९९६’ असा कालखंड आढळतो. त्यांतील दुसरे वर्ष राष्ट्रीय लीगमधील संघाचे आहे, क्लबचे नव्हे. क्रीडासंस्थांचे इतिहास, कोश आणि सूची सिद्ध करणाऱ्यांनी ते वर्ष तेथून काढावे आणि फिट्झरॉय फुटबॉल क्लबची नोंद ‘स्थापना १८८३, मैदान ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हल’ अशी करावी.